सहा प्रशिक्षक, पाच हंगाम

22 ऑक्टोबर 2018. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात एफसी पुणे सिटीचा घरच्या मैदानावरचा त्या हंगामातला पहिला सामना होता. समोर बेंगळुरू एफसी, म्हणजे सात महिन्यांपूर्वी पुण्याला उपांत्य फेरीत बाहेर काढणारा संघ. हिशेब चुकता करण्याची आशा घेऊन प्रेक्षक आले होते. सुनील छेत्रीने दोन आणि मिकूने एक गोल केला. पुण्याच्या खात्यात शून्य. त्याआधी दिल्लीत 1-1 अशी बरोबरी आणि मुंबईत 0-2 असा पराभव झाला होता. तीन सामन्यांत एक गुण आणि एक गोल. पुढच्या काही दिवसांतच क्लबने नवे स्पॅनिश प्रशिक्षक मिगेल आंखेल पोर्तुगाल यांच्याशी फारकत घेतली.

पोर्तुगाल यांना मिळालेले सामने तीन. एवढ्यात प्रशिक्षकाला आपल्या खेळाडूंचा स्वभावही नीट कळत नाही. पण पुण्याच्या या क्लबला प्रशिक्षक बदलण्याची सवयच जडली होती. 2014 ते 2019 या पाच हंगामांत सहा मुख्य प्रशिक्षक आले आणि गेले. मधल्या काळासाठी नेमलेले प्रभारी वेगळेच. इटालियन, इंग्लिश, स्पॅनिश, सर्बियन, पुन्हा स्पॅनिश, पुन्हा इंग्लिश. दर वर्षी नवा माणूस, नवी पद्धत, नवे परदेशी खेळाडू आणि बहुतेक वर्षी तीच निराशा. पाचवा हंगाम संपला आणि क्लबच संपला.

या पाच वर्षांची कथा एखाद्या अपयशी प्रशिक्षकाची म्हणून सांगता येत नाही. शहराचा संघ कशाने उभा राहतो आणि कशाने कोसळतो, याचा तो धडा आहे. पुण्याने तो फार मोठी किंमत देऊन घेतला, म्हणून तो नीट मांडून ठेवायला हवा.

आधीचे पुणे

एफसी पुणे सिटी आला तेव्हा पुण्यात फुटबॉल नवा नव्हता. कॅम्प आणि खडकीच्या लष्करी वस्तीने हा खेळ इथे रुजवला. पुढे तो शहरात पसरला. शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस मैदानावर जिल्हा लीगचे सामने वर्षानुवर्षे होत आले. क्रिकेटच्या मानाने प्रेक्षक थोडे, पण खेळणाऱ्यांची ओढ पक्की.

व्यावसायिक फुटबॉल पुण्यात आणला तो पुणे एफसीने. अशोक पिरामल समूहाने 2007 मध्ये हा क्लब काढला. दुसऱ्या श्रेणीतून वर चढून 2009-10 मध्ये तो आय-लीगमध्ये आला आणि पहिल्याच वर्षी तिसरा राहिला. 2012-13 मध्ये गोव्याच्या डेरिक परेरा यांच्या हाताखाली संघ दुसऱ्या क्रमांकावर पोचला; विजेता ठरला चर्चिल ब्रदर्स. सलग काही हंगाम एकच प्रशिक्षक, मोजकेच परदेशी आणि सोबत स्वतःची अकादमी. जपानमध्ये जन्मलेला अराता इझुमी पुण्यात खेळता खेळता भारताचा नागरिक झाला आणि भारतीय संघाकडून उतरला. अनस एडाथोडिकासारखा बचावपटू इथेच घडला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुणे एफसीच्या अकादमीत शिकला आणि 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. हे सगळे गाजावाजा न करता झाले होते.

याच काळात शहरात आणखी दोन क्लब आले. कल्याणी समूहाचा भारत एफसी 2014-15 मध्ये आय-लीगमध्ये उतरला, तळाला राहिला आणि एका हंगामानंतर बंद झाला. डीएसके शिवाजीयन्स 2015-16 आणि 2016-17 असे दोन हंगाम आय-लीगमध्ये खेळला. मग पालक समूहाच्या अडचणींबरोबर तोही मिटला. लोणी काळभोरला लिव्हरपूल क्लबच्या साहाय्याने चालवलेल्या डीएसकेच्या अकादमीत मिझोरामचा लालियनझुआला छांगटे शिकला. पुढे तो सलग दोन वर्षे देशाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. पुण्यात खेळाडू घडत होते. टिकत नव्हते ते क्लब.

विश्वविजेता बालेवाडीत

इंडियन सुपर लीग सुरू झाली 12 ऑक्टोबर 2014 रोजी. रिलायन्स, आयएमजी आणि स्टार यांनी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या पाठिंब्याने ती उभारली. आठ शहरांचे आठ संघ आणि प्रत्येकाचा एक ‘मार्की’ खेळाडू, म्हणजे जाहिरातीच्या फलकावर झळकणारे जगप्रसिद्ध नाव. पुण्याचा संघ घेतला वाधवान समूहाने. सोबत अभिनेता हृतिक रोशन आणि भागीदार म्हणून इटलीतला फिओरेंतिना क्लब. रंग केशरी आणि जांभळा, टोपणनाव ‘स्टॅलियन्स’. घर तेच बालेवाडी, 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले आणि 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांनी जगापुढे आलेले.

पुण्याचा पहिला मार्की होता फ्रान्सचा दाविद त्रेझेगे. वय 37. 1998 चा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रेंच संघात तो होता. 2000 च्या युरो अंतिम सामन्यात इटलीविरुद्धचा ‘गोल्डन गोल’ त्याचा. 2006 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्याच इटलीविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये आडव्या खांबाला लागलेला फटकाही त्याचाच. युव्हेंटससाठी त्याने 171 गोल केले होते. असा माणूस बालेवाडीत खेळणार, ही गोष्ट पुणेकर फुटबॉलवेड्यांना स्वप्नवत वाटली आणि तसे वाटणे अगदी रास्त होते. त्याच्यासोबत 2004 चा युरो जिंकणारा ग्रीसचा कोस्तास कात्सुरानिस होता आणि प्रशिक्षक म्हणून इटलीचे अनुभवी फ्रँको कोलोंबा.

पहिला सामना दिल्लीत 0-0 असा सुटला. दुसऱ्यात मुंबई सिटीने पुण्याचा 5-0 असा धुव्वा उडवला; आंद्रे मोरित्झने त्यात लीगमधली पहिली हॅटट्रिक केली. मग 26 ऑक्टोबरला बालेवाडीत एफसी गोवाविरुद्ध 2-0 असा विजय मिळाला. गोल केले कात्सुरानिस आणि त्रेझेगे यांनी. त्या संध्याकाळी मैदानात जो जल्लोष झाला, त्यावर पुढची कितीतरी स्वप्ने रचली गेली.

पण त्रेझेगेचे पाय थकले होते. नऊ सामन्यांत त्याने दोन गोल केले आणि जानेवारी 2015 मध्ये निवृत्ती जाहीर केली. जगज्जेत्या कारकिर्दीचा शेवटचा क्लब म्हणून पुण्याचे नाव नोंदले गेले. पुण्याची नोंद मात्र अशी झाली: 14 सामने, 4 विजय, 4 बरोबरी, 6 पराभव, 16 गुण, सहावा क्रमांक. कोलोंबा गेले.

प्लॅट यांचा हंगाम

2015 साठी क्लबने मोठी झेप घ्यायचे ठरवले. प्रशिक्षक म्हणून इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट आले. 1990 च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटी वळून मारलेल्या व्हॉलीने इंग्लंडला पुढच्या फेरीत नेणारा हा खेळाडू. बारी, युव्हेंटस, सांपदोरिया, आर्सेनल अशा क्लबांतून तो खेळला. नंतर रोबेर्तो मान्चिनी यांचा सहायक म्हणून मँचेस्टर सिटीत होता, तेव्हा 2012 मध्ये त्या क्लबने प्रीमियर लीग जिंकली. अशा माणसाने पुण्यात येणे ही मोठी गोष्ट होती.

खेळाडूंची यादीही तशीच भारदस्त. मार्की म्हणून रोमेनियाचा आद्रियान मुतू. तुर्कस्तानचा तुंजाय शानली, 2010 च्या विश्वचषकात दोन गोल करणारा नायजेरियाचा कालू उचे, आयव्हरी कोस्टचा दिदिए झोकोरा, इंग्लंडचे रॉजर जॉन्सन, निकी शोरी आणि गोलरक्षक स्टीव्ह सिमन्सन. जुलैत मुंबईत भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला. सर्वाधिक बोली सुनील छेत्रीवर लागली, 1 कोटी 20 लाख. दुसऱ्या क्रमांकाची बोली पुण्याची होती: मेघालयचा मध्यरक्षक युजीनसन लिंगडोह 1 कोटी 5 लाखांना, आणि मणिपूरचा जॅकीचंद सिंग 45 लाखांना. कागदावर पाहिले तर लीगमधल्या तगड्या संघांपैकी एक.

सुरुवातही कागदाला साजेशी झाली. 5 ऑक्टोबरला बालेवाडीत मुंबईला 3-1 असे हरवून गेल्या वर्षीच्या पाच गोलांची थोडी परतफेड झाली. केशरी शर्ट घातलेल्या पोरांनी स्टेडियम डोक्यावर घेतले. या वर्षी आपण उपांत्य फेरीत, अशी भाषा चौकाचौकांत ऐकू येऊ लागली.

मग हंगामाचा दुसरा टप्पा आला आणि चाके रुतली. तेव्हाच्या लीगचे वेळापत्रक समजून घेतले तर त्याचे कारण दिसते. ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्याच काळात साखळीचे 14 सामने खेळायचे. दर तीन-चार दिवसांनी एक सामना आणि मध्ये गुवाहाटी, कोची, कोलकाता, दिल्ली असा विमानप्रवास. सामना, विश्रांती, प्रवास, हलका सराव, पुन्हा सामना. शिकवायला आणि चुका दुरुस्त करायला दिवसच उरत नाहीत. प्रशिक्षकाला आपली पद्धत रुजवायची तर ती हंगामाआधीच्या सरावातच रुजवावी लागते आणि तो काळ मोजक्या आठवड्यांचा होता. तिशी ओलांडलेल्या परदेशी खेळाडूंना या चक्रात आणि दमट हवेत शरीर साथ देत नाही. नोव्हेंबरपर्यंत स्नायू दुखावतात, वेग उतरतो. जो संघ अशा नावांवर जास्त अवलंबून, तो उत्तरार्धात जास्त घसरतो. पुण्याचे तेच झाले.

दुसरी अडचण भारतीय खेळाडूंची. आयएसएल आणि आय-लीग तेव्हा वेगवेगळ्या चालत. बरेच भारतीय खेळाडू आय-लीगच्या क्लबचे. आयएसएलच्या तीन महिन्यांपुरते ते इकडे यायचे आणि डिसेंबर सरला की परत जायचे. म्हणजे प्रशिक्षकाने एखाद्या तरुण बचावपटूला उभे राहायचे कुठे आणि वळायचे कधी हे शिकवले, तरी त्याचे फळ त्याला पुढच्या वर्षी मिळेल याची खात्री नाही. मैदानावरच्या अकरांत किमान पाच भारतीय असणे बंधनकारक होते आणि सामने बहुधा त्या पाचांच्या गुणवत्तेवरच ठरायचे. पण क्लबचा पैसा आणि लक्ष उरलेल्या सहांवर.

हंगाम संपला तेव्हा पुणे आठांत सातवे होते. 14 सामन्यांत 4 विजय, 3 बरोबरी, 7 पराभव, 15 गुण. खाली फक्त केरळ ब्लास्टर्स. प्लॅट यांच्या नावाने बोटे मोडली गेली आणि तेही गेले. त्यांच्या काही निर्णयांवर टीका करायला जागा होतीच. तरी एवढे म्हणायला हवे की पहिल्या हंगामात चुकलेले गणित दुसऱ्या हंगामात त्याच पद्धतीने, फक्त जास्त पैसे घालून मांडले गेले होते. उत्तर वेगळे येणार नव्हते.

त्याच वर्षी शहराने आणखी एक गोष्ट गमावली. आय-लीगमध्ये दुसरा राहिलेला, अकादमी चालवणारा पुणे एफसी 2014-15 च्या हंगामानंतर बंद पडला. चमकदार लीगच्या झोतात त्याच्याकडे पाहायला प्रायोजकांना सवड उरली नव्हती. त्याची अकादमी 2016 मध्ये एफसी पुणे सिटीने घेतली, हे या काळातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल. पण बालेवाडीला स्वतःची सवय झालेला एक जुना संघ कायमचा गेला.

विजेता आणला, तरी तेच

2016 साठी क्लबने विचार केला की आता ही लीग जिंकून दाखवलेलाच माणूस आणावा. अँतोनियो लोपेस हबास यांनी 2014 मध्ये अटलेटिको दि कोलकाताला पहिला किताब मिळवून दिला होता. ते पुण्यात आले. पण आदल्या हंगामातल्या कारवाईमुळे सुरुवातीच्या सामन्यांत त्यांना संघाजवळ बसायलाही बंदी होती. मार्की म्हणून आइसलँडचा आयदुर गुडयॉनसन करारबद्ध झाला आणि लीग सुरू होण्याआधीच जायबंदी झाला. त्याच्या जागी आला मोहम्मद सिसोको, फ्रान्समध्ये जन्मलेला, मालीकडून खेळलेला, युव्हेंटस आणि पॅरिस सेंट-जर्मेनचा माजी मध्यरक्षक. 3 ऑक्टोबरला घरच्या मैदानावर मुंबईकडून 0-1 अशा पराभवाने हंगाम उघडला.

अखेरचा आकडा: 4 विजय, 4 बरोबरी, 6 पराभव, 16 गुण, सहावा क्रमांक.

इथे जरा थांबून तिन्ही हंगाम शेजारी ठेवावेत. कोलोंबांचे 4 विजय, प्लॅट यांचे 4 विजय, हबास यांचे 4 विजय. तीन देशांतले, तीन स्वभावांचे, तीन पद्धतींचे प्रशिक्षक. एकाने इटालियन शिस्त आणली, दुसऱ्याने इंग्लिश खेळ, तिसरा तर याच लीगचा विजेता. प्रत्येकाला 14 सामने आणि प्रत्येकाचे नेमके चारच विजय. माणूस बदलूनही फळ बदलत नाही तेव्हा दोष जमिनीत शोधावा लागतो. क्लबने तो शोधला नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुढच्या वर्षी त्याने थोडा शोधला आणि लगेच फरक पडला.

एक चांगले वर्ष

2017-18 मध्ये लीगचा ढाचाच बदलला. बेंगळुरू आणि जमशेदपूर हे नवे संघ आले, स्पर्धा नोव्हेंबर ते मार्च अशी लांबली, प्रत्येकाला 18 सामने मिळाले आणि मैदानावर परदेशी खेळाडू सहाऐवजी पाचच ठेवण्याचा नियम आला. हृतिक रोशनच्या जागी अर्जुन कपूर सहमालक झाला. सर्बियाचे रँको पोपोविच प्रशिक्षक झाले.

या वेळी खरेदीचा निकष वेगळा होता. युरोपात गाजलेल्या पण थकलेल्या नावांऐवजी क्लबने याच लीगमध्ये चमकलेले खेळाडू घेतले. 2016 मध्ये दहा गोल करून ‘गोल्डन बूट’ जिंकलेला ब्राझीलचा मार्सेलिन्हो दिल्लीहून आला, उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो नॉर्थईस्टमधून. त्यांच्यासोबत उभी राहिली भारतीय तरुणांची फळी: गोलरक्षक विशाल कैथ, बचावात सार्थक गोलुई, मध्यात आदिल खान आणि रोहित कुमार, आणि डाव्या बगलेवर मलप्पुरमचा आशिक कुरुनियन. आशिक पुण्याच्याच अकादमीतला, मधल्या काळात स्पेनच्या व्हियारेआलच्या ‘क’ संघाकडे खेळून आलेला.

पहिला सामना गमावला. 22 नोव्हेंबर 2017 रोजी दिल्ली डायनामोजने बालेवाडीत 3-2 असे हरवले. त्या दिवशी दिल्लीच्या बाकावर बसले होते मिगेल आंखेल पोर्तुगाल, आणि दिल्लीच्या गोल करणाऱ्यांत होता लोणी काळभोरला शिकलेला छांगटे. चारच दिवसांनी पुण्याने कोलकात्यात गतविजेत्या एटीकेला 4-1 असे लोळवले. पुढे मुंबईविरुद्ध एक गोलने मागे असताना अल्फारोने दोन गोल करून 2-1 असा विजय खेचून आणला. दुसरा गोल अगदी शेवटच्या क्षणी झाला आणि बालेवाडी उसळली. महाराष्ट्राच्या दोन शहरांमधल्या या सामन्याला खरा रंग चढला तो याच वर्षी. डिसेंबरच्या अखेरीस नॉर्थईस्टला 5-0 असे हरवले.

18 सामन्यांत 9 विजय, 3 बरोबरी, 6 पराभव, 30 गुण. चौथा क्रमांक आणि क्लबच्या इतिहासात प्रथमच उपांत्य फेरी. 7 मार्च 2018 रोजी बालेवाडीत बेंगळुरूविरुद्ध 0-0. तो सामना पाहणारा माणूस आशिक आणि सार्थक यांच्याकडे बघून म्हणू शकत होता की ही आपली पोरे आहेत, आपल्यासमोर मोठी होताहेत. 11 मार्चला बेंगळुरूत छेत्रीने तीन गोल केले. जोनातन लुकाने फ्री किकवर एक फेडला. 3-1. पुणे बाहेर पडले, पण या वेळी कोणाची मान खाली नव्हती.

पुण्याला हवे होते ते एवढेच: हाच प्रशिक्षक, हेच खेळाडू, आणखी दोन वर्षे.

तीन सामन्यांचे प्रशिक्षक

पोपोविच परतले नाहीत. 2018 च्या उन्हाळ्यानंतर त्यांच्या जागी आले पोर्तुगाल, एकेकाळी रेआल माद्रिदकडून खेळलेले आणि आदल्या हंगामात दिल्लीला दहांत आठव्या स्थानी नेलेले. मार्सेलिन्हो आणि अल्फारो होते, जोडीला केरळ आणि कोलकात्यात गाजलेला कॅनडाचा इयान ह्यूम आला. पहिल्या सामन्यात दिल्लीविरुद्ध पिछाडीवर असताना डिएगो कार्लोसने शेवटच्या मिनिटांत बरोबरी साधून दिली. पोर्तुगाल यांच्या तीन सामन्यांत संघाचा तोच एकमेव गोल आणि एकमेव गुण होता. पुढचे सुरुवातीलाच सांगितले आहे.

पोर्तुगाल गेल्यावर तांत्रिक जबाबदारी सांभाळणारे प्रद्युम रेड्डी यांनी संघ हाती घेतला. मोसम चालू असताना आलेल्या माणसाला नवे खेळाडू घेता येत नाहीत, नवी पद्धत बसवता येत नाही. फक्त मन सावरता येते. गोव्यात 2-4 असा पराभव, केरळविरुद्ध 1-1, मग पुन्हा हार. हंगामातला पहिला विजय मिळायला 21 नोव्हेंबर उजाडले: जमशेदपूरविरुद्ध 2-1. डिसेंबरमध्ये इंग्लंडचे फिल ब्राउन मुख्य प्रशिक्षक झाले. 2008 मध्ये हल सिटीला इतिहासात प्रथमच इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत नेणारे ते हेच. त्यांच्या हाताखाली संघ खरोखर सावरला, शेवटच्या टप्प्यात नेटाने जिंकू लागला. पण गाडी केव्हाच सुटली होती. 22 गुण आणि दहांत सातवे स्थान.

एवढे होऊनही या संघात जीव होता, हे सांगितले पाहिजे. जानेवारी 2019 मध्ये आशियाई चषकात भारताने थायलंडला 4-1 असे हरवले, तेव्हा छेत्रीच्या जोडीला आघाडीवर आशिक कुरुनियन खेळत होता. पुण्याचा क्लब तळाकडे झगडत असताना पुण्याचा एक मुलगा आशियाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत उभा होता. झाड वाळत असताना लागलेले हे फळ होते.

क्लब गेला, मग काय झाले

2019 च्या पावसाळ्यात मालक समूहाच्या आर्थिक अडचणी क्लबपर्यंत पोचल्या. खेळाडूंची देणी, पुढच्या हंगामाची अनिश्चितता, मग शांतता. 27 ऑगस्टला जाहीर झाले की पुण्याची लीगमधली जागा आता हैदराबाद एफसी घेणार. फिल ब्राउन तिकडे गेले. मार्सेलिन्हो, आदिल खान, रोहित कुमार, निखिल पुजारी, साहिल पनवर असे कितीतरी खेळाडूही गेले. घराघरांत ठेवलेले केशरी शर्ट एका दिवसात इतिहासाची वस्तू झाले.

हैदराबादचे पहिले वर्ष भयंकर गेले. ब्राउन यांना हंगामाच्या मध्येच जावे लागले आणि संघ शेवटचा राहिला. पण नंतर तिथे जे झाले, तो या साऱ्या कथेचा खरा उलगडा आहे. 2020 मध्ये स्पेनचे मानोलो मार्केस आले. त्यांनी तरुण भारतीय खेळाडूंवर भर दिला. पहिल्या वर्षी संघ पाचवा राहिला, उपांत्य फेरी हुकली. क्लबने त्यांना काढले नाही. दुसऱ्या वर्षी, 20 मार्च 2022 रोजी, फातोर्ड्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबाद विजेता झाला. त्या संघात पुण्याहून गेलेला निखिल पुजारी होता. तिसऱ्या वर्षी संघ साखळीत दुसरा आला. पुण्याने सोडलेल्या जागेवर हे घडले आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे प्रशिक्षकाला मिळालेली तीन वर्षे.

याउलट चित्र आपल्याच राज्यात, पुण्याहून चार तासांवर दिसते. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब हे संघ पेठांतून आणि तालमींतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांच्याकडे विश्वविजेते नाहीत, कोटींचे लिलाव नाहीत. तरी शाहू स्टेडियम सामन्याला ओसंडते, कारण खेळणारा पोरगा पाहणाऱ्याच्या गल्लीतला असतो. एक हंगाम वाईट गेला म्हणून तिथे तालीम बंद होत नाही. पुण्यातल्या चार व्यावसायिक क्लबांची मुळे मात्र शहरापेक्षा एकेका उद्योगसमूहाच्या ताळेबंदात जास्त होती. समूह डगमगला की क्लब उन्मळला. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी: 2015 ते 2019 या पाच वर्षांत चारही गेले.

म्हणून कोलोंबा, प्लॅट, हबास किंवा पोर्तुगाल यांपैकी कोणा एकाला या अपयशाचा धनी ठरवणे चुकीचे आहे. त्यांना न ओळखीचे खेळाडू, न पुरेसा वेळ आणि न दुसरे वर्ष मिळाले. ज्या एका हंगामात क्लबने थोडे भारतीय तरुणांवर आणि थोडे पारखलेल्या खेळाडूंवर विसंबून पाहिले, त्याच हंगामात तो उपांत्य फेरीत गेला. हा योगायोग नव्हता.

एफसी पुणे सिटी गेल्यानंतर आयएसएलमध्ये पुण्याचा संघ उतरलेला नाही. बालेवाडीत 2022 च्या सुरुवातीला महिलांच्या आशियाई चषकाचे सामने झाले. मैदान सज्ज आहे. पुण्यात खेळाडूही आहेत, शाळांच्या मैदानांवर, अकादम्यांत, जिल्हा लीगमध्ये. उद्या कोणी पुन्हा पुण्याच्या नावाने संघ काढणार असेल, तर पुणेकरांनी मार्की कोण हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: अकादमी आहे का, त्यातली किती मुले पहिल्या संघात खेळणार, आणि प्रशिक्षकाला किमान तीन वर्षे देणार का? आणि तो संघ येईपर्यंत जिल्हा लीगचा सामना असेल त्या दुपारी एसएसपीएमएसच्या मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहावे. आशिक, अनिकेत, छांगटे यांच्यासारखी मुले अशाच मैदानांवर सापडतात आणि त्यांना पाहणारे शहर लागते.